शांत खोलीत ऐकू येते, गर्दीत बोललेले कळत नाही: वडिलांसाठी सल्ला हवा

प्रश्न (हर्णै, तालुका दापोली)

नमस्कार. आमचे नाना ७३ वर्षांचे आहेत. तीस वर्षे ते तांडेल म्हणून समुद्रावर गेले आणि त्यातला बराचसा काळ होडीच्या डिझेल इंजिनाच्या धडधडाटात गेला. दुपारी ओटीवर आम्ही दोघेच असलो की हळू आवाजात बोललेलेही त्यांना कळते. मात्र गणपतीत चाकरमानी आले, पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळू लागला आणि माजघरात चारजण एकदम बोलू लागले की ते गप्प होतात, नाहीतर भलतेच उत्तर देतात. मागच्या हंगामात बंदरावरच्या लिलावात बांगड्याच्या पाटीचा पुकारा 'सातशे' झाला होता, तो नानांनी 'आठशे' ऐकला. हिशेबावरून ते भाच्याला चारचौघांत बोलले आणि चूक कळल्यावर त्यांनी बंदरावर जाणेच सोडले. मला याचे फार वाईट वाटते. घरातले म्हणतात, 'त्यांना सोयीचे तेवढेच ऐकू येते.' मोठ्याने बोलावे तर ते स्वतःच 'ओरडतोस कशाला' म्हणून चिडतात. तपासणीत 'वयाच्या मानाने कान ठीक आहेत' असे सांगण्यात आले. यंत्र घ्यावे, की आणखी काही तपासावे?

प्रतिसाद १ (रत्नागिरी, मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते)

नाना सोंग करत नाहीत, हे कृपया घरातल्या सर्वांना आधी सांगावे. त्यांनी 'सातशे'चे 'आठशे' ऐकले, यातच बरेचसे उत्तर आहे. दोन्ही शब्दांत ठळक ऐकू येतो तो 'आ', कारण स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. 'स'चा सूक्ष्म आवाज मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वरचा असतो, आणि वयोमानाने ऐकणे कमी होऊ लागते ते याच वरच्या पट्टीपासून. शांत ओटीवर हरवलेले व्यंजन मेंदू संदर्भावरून भरून काढतो. लिलावात नुसता आकडा कानावर पडतो, त्याला आगापिछा नसतो आणि भोवती गलका असतो, त्यामुळे भरून काढायला आधारच राहत नाही.

अंतःकर्णातील केसपेशी, म्हणजे आवाजाची कंपने टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हळू आवाज न कळणे आणि जरा मोठा आवाज लगेच असह्य होणे, या दोन्ही गोष्टी एकाच कानात नांदतात त्या याच बिघाडामुळे. 'ओरडतोस कशाला' हे नानांचे म्हणणे अगदी खरे आहे. शिवाय २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि श्रवणचेता (कानातून मेंदूकडे संदेश नेणारी नस) यांच्यामधले कितीतरी जोड कायमचे तुटलेले होते. इंजिनाशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाबद्दल विचार करताना हे मी नेहमी लक्षात ठेवते. तिसरी बाजू मेंदूची आहे. दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्याच्या वेळेतला अतिसूक्ष्म फरक ओळखून तो गर्दीतला एक आवाज वेगळा काढतो, आणि उतारवयात हा वेळेचा हिशेब मंदावतो.

नेहमीच्या तपासणीत बंद खोलीत साधे सूर ऐकवतात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून पुरते मिळत नाही. मागे गोंगाट ठेवून शब्द किंवा वाक्ये ऐकवण्याची चाचणी होते का, ते श्रवणतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. जवळपास सोय नसेल, तर मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. त्याआधी कानात मळ साचला आहे का, ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले किंवा एकाच कानाचे कमी झाले, तर मात्र ते वय म्हणून सोडू नये. अचानक गेले असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

प्रतिसाद २ (वेंगुर्ले)

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. आम्ही आधी जाहिरात पाहून आवाज वाढवणारे एक स्वस्त उपकरण आणले. त्याने भांडी, पंखा, पाऊस, सगळेच वाढले आणि बोलणे होते तिथेच राहिले. आठवड्यात ते कपाटात गेले. पुढे तपासणीच्या आलेखानुसार जुळवलेली, समोरून येणारे बोलणे अधिक टिपणारी यंत्रे दोन्ही कानांना बसवली. पहिला महिना कष्टाचा गेला आणि तीन वेळा जुळवणी बदलावी लागली. आताही आरतीच्या झांजांत त्यांना बोलणे कळत नाही, पण जेवणाच्या पंगतीत त्या बोलतात. आपल्याकडे दमट हवेचा त्रास फार होतो, म्हणून रात्री यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत आणि बॅटरीचे दार उघडे ठेवावे. उत्पन्न कमी असेल, तर ६० वर्षांवरील व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचा समावेश आहे, त्याची चौकशी करावी.

यंत्राइतकाच उपयोग बसण्याच्या जागेचा झाला. सासूबाईंची पाठ भिंतीला, पंखा आणि स्वयंपाकघर लांब, आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे ओठ दिसतात. आधी हाक मारावी, मग बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता शब्द बदलून सांगावे. 'जाऊ दे, काही नाही' असे मात्र कधीही म्हणू नये. त्या शब्दांनी सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे.

प्रश्नकर्त्याकडून

दोघींचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. मळ काढून झाला आहे आणि गोंगाटातल्या चाचणीसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. भाच्याला सांगून ठेवले आहे, की लिलावात दर पुकारला की त्याने नानांच्या समोर उभे राहून तो बोटांनीही दाखवावा. शनिवारी त्याच्याबरोबर बंदरावर जायला नाना तयार झाले आहेत.