मदत हवी आहे: कनेक्झिन-४३ ला ईजीएफपी जोडले, तरी पेशीत सुटे ईजीएफपी का दिसते?

नमस्कार. सस्तन पेशींमध्ये फ्लुरोसंट फ्यूजन प्रथिन (कनेक्झिन-४३ या प्रथिनाला ईजीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडून) तयार करण्याच्या कामात एका ठिकाणी घोडे अडले आहे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझा विषय गॅप जंक्शन हा आहे. सहा कनेक्झिन रेणूंची एक अर्धवाहिनी होते, आणि शेजारच्या पेशीतील अर्धवाहिनी तिच्यासमोर जुळली की दोन पेशी थेट जोडल्या जातात. अशा अनेक वाहिन्या दाटीने एकत्र येऊन जो पुंजका बनतो त्याला प्लाक म्हणतात. या प्लाकचा आकार कशाने वाढतो व कशाने घटतो, हे मला जिवंत पेशींत मोजायचे आहे. त्यासाठी हेला पेशी घेतल्या आहेत, कारण त्यांत स्वतःचे कनेक्झिन नगण्य असते.

प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारा वर्तुळाकार डीएनए) पीईजीएफपी-एन१ आहे. सुमारे ४.७ किलोबेसचा हा वाहक बहुतेकांच्या परिचयाचा असेल: सीएमव्ही प्रमोटर (जनुकाचे वाचन सुरू करणारा भाग), एसव्ही४० चा पॉलिए संकेत (एमआरएनएचा शेवट ठरवणारा), आणि जिवाणूंत कॅनामायसिन तर सस्तन पेशींत जी४१८ या औषधावर निवड करू देणारे प्रतिरोधक जनुक. यात आपले प्रथिन ईजीएफपीच्या आधी येते, म्हणजे ईजीएफपी त्याच्या सी टोकाला (शेवटच्या टोकाला) लागते. कनेक्झिनचे एन टोक (सुरुवातीचे टोक) वाहिनीच्या छिद्रात वळलेले असते आणि तिथे ईजीएफपी जोडल्यास प्लाक बनले तरी वाहिनी काम करत नाही, म्हणून सी टोक निवडले. कनेक्झिनचा स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथे संपवणारी खूण) काढलेला आहे, दोन्ही जोडांचे सिक्वेन्सिंग झाले आहे आणि रीडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरांची वाचनचौकट) बरोबर आहे. जनुकाच्या एटीजीला (सुरुवातीच्या कोडॉनला) अगदी लागून इकोआरआय या डीएनए कापणाऱ्या विकराची जागा आहे.

ट्रान्सफेक्शननंतर (प्लाझ्मिड पेशींत घातल्यानंतर) २४ तासांनी दोन पेशींच्या सीमेवर हिरव्या ठळक रेघा दिसतात, म्हणजे प्लाक बनतात. परंतु बऱ्याच पेशींत केंद्रकासह सगळीकडे एकसारखा फिकट हिरवा रंगही पसरलेला असतो, आणि त्यामुळे प्लाकची कड कुठे संपते हे ठरवणे अवघड जाते. जीएफपी-विरोधी प्रतिपिंड वापरून केलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) ७० किलोडाल्टनच्या आसपास अपेक्षित पट्टा आहे (कनेक्झिनचे ४३ अधिक ईजीएफपीचे २७). मात्र त्याखाली ४७ च्या जवळ एक फिकट आणि २७ वर एक स्पष्ट पट्टा येतो. हे दोन पट्टे कुठून येतात, ते घालवता येतील का, आणि या प्लाझ्मिडवर प्लाकच्या मापनाची भिस्त ठेवणे योग्य आहे का, हे कृपया सांगावे.

मंदार_के:

माझा पहिला संशय भाषांतराच्या (एमआरएनएवरून प्रथिन बनण्याच्या) सुरुवातीवर आहे. इकोआरआयची जागा जीएएटीटीसी अशी असते, आणि तिला चिकटून एटीजी आला की उणे तीन या (एटीजीच्या तीन अक्षरे आधीच्या) स्थानी टी येतो. कोझॅक क्रमात (भाषांतर कुठे सुरू व्हावे हे ठरवणाऱ्या, एटीजीभोवतीच्या क्रमात) तिथे ए किंवा जी असणे सर्वांत महत्त्वाचे असते. कनेक्झिन-४३ चा दुसरा कोडॉन ग्लायसिनचा असल्याने अधिक चारवरचा (एटीजीनंतरचा पहिला) जी आपोआप मिळतो, तरीही सुरुवात दुबळीच राहते. याउलट एन१ वाहकात ईजीएफपीच्या स्वतःच्या एटीजीआधी जीसीसीएसीसी हा उत्तम कोझॅक क्रम तसाच शिल्लक आहे, कारण रिकामा वाहक नुसते ईजीएफपी बनवण्यासाठीही वापरता यावा अशी त्याची रचना आहे. काही रायबोसोम (प्रथिन बनवणारी पेशीतील यंत्रे) पहिला एटीजी ओलांडून पुढे सरकले, तर या एटीजीपासून सुटे ईजीएफपी बनू शकते.

दोन बदल एकदम करावेत. जनुकाच्या एटीजीआधी जीसीसीएसीसी घालावा आणि ईजीएफपीचा एटीजी काढून टाकावा. तो बदलून सीटीजी करू नये, कारण सीटीजीवरूनही थोडे भाषांतर सुरू होऊ शकते. त्याऐवजी अॅलॅनिनचा कोडॉन घालावा किंवा तो कोडॉन पूर्ण वगळावा. ईजीएफपीतील त्यापुढचा मेथिओनिन (म्हणजे पुढचा एटीजी) क्रोमोफोरच्याही (चमक देणाऱ्या भागाच्याही) पलीकडे आहे, त्यामुळे तिथून काही बनलेच तरी ते चमकणार नाही.

सूक्ष्मदर्शी:

मंदार यांची सूचना अवश्य अमलात आणावी, पण २७ च्या पट्ट्याचे सगळे खापर कोझॅक क्रमावर फोडू नये असे मला वाटते. कनेक्झिन-४३ मध्ये वाटेत अनेक मेथिओनिन आहेत, आणि ते सगळे ओलांडून हजाराहून अधिक बेस पुढच्या ईजीएफपीपर्यंत फार थोडे रायबोसोम पोहोचतील. दुसरी शक्यता विघटनाची आहे. कनेक्झिन-४३ चे अर्धायुष्य जेमतेम काही तासांचे असते, तर ईजीएफपीची पिंपासारखी घडण अतिशय टिकाऊ असते; कनेक्झिन पचून जाते आणि ईजीएफपी मागे उरते.

मूळ प्लाझ्मिड आणि ईजीएफपीचा एटीजी काढलेले प्लाझ्मिड यांचे नमुने एकाच ब्लॉटवर शेजारी शेजारी चालवा. पट्टा गेला तर कारण भाषांतराचे, राहिला तर विघटनाचे. राहिलाच, तर क्लोरोक्विन देऊन लायसोसोमचे (पेशीतील पचनकोशांचे) काम थांबवून पाहावे. मायक्रोस्कोपखालीही एक खूण मिळते: लायसोसोममध्ये उरलेले ईजीएफपी ठिपक्यांत दिसते, शिवाय आम्लात ते मंदावते, केंद्रकात पसरलेला रंग मात्र पेशीद्रवातल्या सुट्या ईजीएफपीचा असतो, कारण एवढे लहान प्रथिन केंद्रकाच्या छिद्रांतून सहज आत जाते. त्यामुळे तुमच्या वर्णनावरून दोन्ही कारणे एकत्र असण्याचीही शक्यता आहे. यावर कुणी ईजीएफपीच्या जागी एमचेरी हे लाल चमकणारे प्रथिन सुचवेल, पण ते आम्लातही तेजस्वी राहते आणि लायसोसोमचे ठिपके अधिकच डोळ्यांत भरतील.

४७ च्या पट्ट्याला मात्र दोष समजू नका. कनेक्झिन-४३ च्या एमआरएनएवर २१३ व्या मेथिओनिनपासूनही भाषांतर सुरू होते आणि सुमारे २० किलोडाल्टनचा तुकडा बनतो. त्याला ईजीएफपीचे २७ जोडले की ४७ होतात. हा तुकडा पूर्ण लांबीच्या कनेक्झिनला पेशीपटलापर्यंत पोहोचायला मदत करतो. तो मेथिओनिन बदलून पट्टा घालवाल, तर प्लाकच घटण्याचा धोका आहे.

सीएमव्ही प्रमोटर जोरदार आहे, तेव्हा प्लाझ्मिडची मात्रा कमी करून उरलेला डीएनए रिकाम्या, ईजीएफपी नसलेल्या वाहकाने भरून काढावा.

अनघा_जोशी:

तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळले नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कनेक्झिन-४३ चे अगदी शेवटचे अमिनो आम्ल आयसोल्युसिन आहे, आणि तेच टोक झेडओ-१ या प्रथिनाच्या पीडीझेड भागात बसते. त्यापुढे ईजीएफपी जोडले की ही पकड सुटते. झेडओ-१ प्लाकच्या कडेला राहून त्यात नव्या वाहिन्या शिरण्यावर मर्यादा घालते, आणि ती मर्यादा गेली की प्लाक अवाजवी मोठे होतात, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दाखवले गेले आहे. ज्या गोष्टीचे मोजमाप तुम्हाला करायचे आहे, तीच तुमच्या टॅगमुळे (जोडलेल्या ईजीएफपीमुळे) बदलत आहे. कोझॅक सुधारून चित्र स्वच्छ होईल, पण हा प्रश्न तिथेच राहील.

त्याच कामात असेही दिसले की टॅग नसलेले कनेक्झिन सोबत बनवले, तर प्लाकचा आकार पूर्ववत होतो, मात्र वाहिन्यांत बहुतांश वाटा टॅग नसलेल्याचा हवा. म्हणून बिनटॅगचे प्लाझ्मिड बरेच जास्त आणि ईजीएफपीचे थोडे, असे मिश्रण जिवंत पेशींच्या चित्रणासाठी करून पाहावे. आकाराच्या अंतिम मापनासाठी मात्र बिनटॅगचे कनेक्झिन आणि प्रतिपिंडाने रंगवणे हाच मार्ग मला भरवशाचा वाटतो. ट्रान्सफेक्ट झालेल्या पेशी ओळखण्यासाठी ईजीएफपी वेगळे हवे असेल, तर पीटूए (एकाच एमआरएनएवरून दोन वेगळी प्रथिने मिळवून देणारा छोटा क्रम) वापरू नये. कनेक्झिन आधी ठेवले तर पीटूएची अमिनो आम्ले त्याच्या सी टोकाला चिकटून राहतात आणि झेडओ-१ ची अडचण तशीच उरते. कनेक्झिन नंतर ठेवले तर छिद्रातल्या एन टोकाला एक जादा प्रोलिन लागते. आयआरईएस (एमआरएनएच्या मध्येच भाषांतर नव्याने सुरू करणारा क्रम) असलेल्या वाहकात, उदाहरणार्थ पीआयआरईएस२-ईजीएफपीमध्ये, दोन्ही टोके जशीच्या तशी राहतात.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी):

सर्वांचे मनापासून आभार. २७ आणि ४७ चा उलगडा होईल असे वाटलेच होते, पण झेडओ-१ चा मुद्दा मिळाला नसता तर पुढची सगळी मापने चुकीच्या पायावर उभी राहिली असती. ईजीएफपीचा एटीजी काढलेले आणि नवा कोझॅक क्रम घातलेले प्लाझ्मिड तयार करायला घेत आहे, आणि बिनटॅगचे कनेक्झिन आयआरईएस वाहकात घालण्यासाठी प्रायमरही मागवत आहे. अनघाताई, मिश्र ट्रान्सफेक्शनमध्ये दोन प्लाझ्मिडचे जे प्रमाण ठेवू, तेच प्रत्येक पेशीत उतरेल याची खात्री नसते. टॅग असलेल्या आणि नसलेल्या कनेक्झिनचा प्रत्यक्ष वाटा कनेक्झिन-विरोधी प्रतिपिंडाने ब्लॉटवर ७० आणि ४३ च्या पट्ट्यांतून काढला, तरी ती सगळ्या पेशींची सरासरीच असेल. तेव्हा दोन्ही प्रकार स्थिरपणे बनवणारा एकच क्लोन (एका पेशीपासून वाढवलेला पेशीसमूह) जी४१८ वर निवडून घेणे जास्त योग्य ठरेल का?