कैदी तपासाला बाहेर दिला. मग शेरीफचे हात झटकले जातात का?

उलटतपासणी
अमेरिकेत काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) तुरुंग बहुतेक ठिकाणी निवडून आलेल्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली असतो. (मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे नुसतं मानाचं पद, तो डोक्यातून काढा.) दुसऱ्या खात्याचे तपास अधिकारी येतात, सही करून कैदी घेऊन जातात. त्या वेळात काही झालं तर 'माझ्या ताब्यात नव्हता' हे उत्तर मला पटत नाही. किल्ली ज्याच्याकडे, जाब त्यालाच.

टेक्सासचा खुनी हेन्री ली लुकस बघा. १९८३ मध्ये सापडला. विल्यमसन काउंटीचा शेरीफ जिम बाउटवेल याच्या तुरुंगातून त्याला राज्याराज्यांत फिरवलं. मिल्कशेक, सिगारेटी, गडी खूश, कबुलीवर कबुली! दोनशेहून जास्त खून त्याच्या नावावर लागले. १९८६ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (सरकारच्या मुख्य वकिलाच्या) अहवालानं त्यातल्या बऱ्याच कबुल्या खोट्या ठरवल्या.

घोटभर_चहा
साफ असहमत. लुकस खोटं बोलला, त्यात तुरुंग सांभाळणाऱ्याचा काय दोष? आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या ॲशक्रॉफ्ट विरुद्ध इक्बाल निकालानंतर 'वरिष्ठ आहे म्हणून जबाबदार' हा युक्तिवाद नागरी हक्कांच्या दाव्यात चालत नाही. ज्यानं केलं त्यानं भरावं. शेरीफनं काय प्रत्येक डिटेक्टिव्हच्या गाडीत मागे बसून जायचं?

उलटतपासणी
बाउटवेल नुसता तुरुंग सांभाळत नव्हता हो, कबुल्या गोळा करणाऱ्या पथकात तो स्वतःच होता!

भरपाई_कोण_देणार
खरी मेख पैशात आहे. अलाबामात खुनाचा आरोप असलेल्या वॉल्टर मॅकमिलियनला खटला उभा राहण्याआधीच फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत नेऊन ठेवलं होतं. कच्चा कैदी! १९९३ मध्ये तो निर्दोष सुटला, मग काउंटीवर दावा लावला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालय ५-४ नं म्हणालं, कायदा राबवताना अलाबामाचा शेरीफ राज्याचा माणूस, काउंटीचा नव्हे. म्हणजे काउंटी सुटली. राज्यावर तर तसा दावाच लागत नाही. घ्या.

सातारी_कंदी
आपल्याकडे जेलर मनानं कैदी देत नाही, कोर्टाचा आदेश लागतो. आणि १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात कोठडीतल्या मृत्यूसाठी मुलाच्या आईला दीड लाख सरकारनंच द्यायचे ठरले. कोण कोणाच्या गाडीत होतं हे आईनं कशाला शोधत बसायचं?

उलटतपासणी
@घोटभर_चहा, इक्बाल मान्य. पण तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा फार्मर विरुद्ध ब्रेनन निकाल विसरू नका: धोका ठाऊक असून दुर्लक्ष केलं तर तुरुंगाचा अधिकारी स्वतःच्या वागण्यासाठी अडकतो. समजा सोमवारी नेलेला कैदी सुजलेलं तोंड घेऊन परतला. मंगळवारी तेच अधिकारी पुन्हा दारात. सोमवारची सही मी सोडून देतो. मंगळवारची?

घोटभर_चहा
मंगळवारची नाही सोडता येणार, खरंय. पण मग परतल्यावर कैद्याला डॉक्टरला दाखवून नोंद करण्याची सक्ती हवी, नाहीतर 'ठाऊक होतं' हे सिद्ध कसं करणार? न बघणाराच सुटेल.

सातारी_कंदी
आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानं अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. कागदावर तरी.