मोहावेतले कांगारू उंदीर: सापळा कोणता, मार्कर कोणता?

चैत्रपालवी: कॅलिफोर्नियात एम.एस. करतेय. मोहावे वाळवंटात वाळूच्या टेकड्या तुटक आहेत. डेझर्ट कांगारू उंदीर (डायपोडोमिस डेझर्टी) एकीवरून दुसरीवर जातो का, हे जनुकांवरून बघायचंय. चार ठिकाणं, बजेट एकूण ३००० डॉलर. शर्मन सापळे (जिवंत पकडणारे पत्र्याचे डबे) कोणत्या मापाचे? जनुकीय खूण, म्हणजे मार्कर, कोणता: मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले परत परत येणारे छोटे तुकडे मोजणं) की रॅड-सीक (डीएनएतल्या हजारो जागा एकदम वाचणं)?

रानवेडा: १२ इंची घ्या. ९ इंचीत मावत नाही, नुसती शेपटीच २० सेंमीच्या आसपास. दार शेपटीवर पडलं की कातडी सोलून निघते. पायफळीखाली (पाय पडला की दार पाडते ती पट्टी) वाळू साचली तर दार पडतच नाही, रोज ब्रश मारा.

पी_व्हॅल्यू: रॅड-सीक, चर्चाच नको. मायक्रोसॅटेलाइटला दर ठिकाणी २५-३० जनावरं लागतात. हजारो स्निप्स (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) असतील तर ८-१० मध्येही भागतं. लेनचे (सीक्वेन्सिंग मशीनवरच्या जागेचे) पैसे गाइडकडून काढा.

खारुताई: तिने बजेट दिलंय, वाचलंत का?

पी_व्हॅल्यू: एवढ्यात होत नसेल तर करूच नये. आणि कोणी कमी खोलीचं होल जीनोम (सगळा डीएनए वरवर वाचणं) सुचवेल, तेही नको. या वंशात सॅटेलाइट डीएनए (तेच तेच परत येणारे लांब पट्टे) भरमसाट, रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे) त्यातच जातात.

दख्खनी: आमिषात पीनट बटर नको, मुंग्या येतात आणि अडकलेल्या जनावराला फोडून काढतात. पक्ष्यांना घालतात ते मिलेट घ्या, पण मायक्रोवेव्हमध्ये तापवून, म्हणजे तिथे उगवणार नाही. पौर्णिमेला जाऊ नका, उजेडात बाहेर कमी पडतात.

रानवेडा: परत सांगतो, १२ इंची.

खारुताई: कानाचा २ मिमी पंच, ९५% इथेनॉल, ओ-रिंगवाली स्क्रू कुपी. साध्या झाकणातून इथेनॉल उडून जातं. लेबल पेन्सिलने, मार्कर पेनची शाई इथेनॉलने पुसली जाते. दर जनावराला नवा पंच. सापळे एकाच काठाला दाटीने लावू नका: पिल्लं पुष्कळदा जन्मबिळाच्या आसपासच राहतात. भावंडं जास्त आली की स्ट्रक्चर सॉफ्टवेअर (जनुकांवरून गट पाडणारं) त्या कुटुंबालाच वेगळा गट दाखवतं. आधी नाती तपासा, जवळच्या जोडीतलं एक वगळा.

निवृत्त_मास्तर: जनुकं मोजून प्राणी वाचत नाहीत. स्टीफन्स कांगारू उंदीर हलवताना शेजारी-शेजारी एकत्र नेले, ते जास्त जगले, पिल्लंही जास्त झाली. २०२२ मध्ये ती जात अमेरिकेच्या यादीत ‘एन्डेंजर्ड’वरून ‘थ्रेटन्ड’वर आली.

पी_व्हॅल्यू: यादीतला वर्ग बदलला म्हणून विविधता परत येत नाही.

चैत्रपालवी: सगळ्यांचे आभार. सापळे घेतच नाहीये. बर्कलीच्या म्युझियम ऑफ व्हर्टिब्रेट झूऑलॉजीकडे ऊतकं मागतेय, आर्क्टोसवर (संग्रहालयांच्या नमुन्यांचा ऑनलाइन डेटाबेस) नोंदी चाळून. सध्या फक्त सायटोक्रोम-बी (मायटोकॉन्ड्रियातलं एक जनुक).

पी_व्हॅल्यू: म्हणजे फक्त आईकडची वंशरेषा. नर टेकडी ओलांडतात का, हे राहिलंच!

खारुताई: करतेयस तर मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) दिसतो का बघ. दिसला तर ती न्यूक्लियसमधली खोटी प्रत, तो नमुना नव्या प्रायमरने (डीएनएची प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा छोटा तुकडा) परत कर.

गोदामवाला: हे १२ इंची घुशींना चालतील का? किंमत सांगा.