मदत हवी आहे : खळ दिलेल्या सुती साड्यांसाठी हलकी साधी इस्त्री घ्यावी, वाफेची घ्यावी, की स्टीमर?

नमस्कार मंडळी,

घरातली इस्त्री बदलायची आहे आणि तीन आठवडे दुकाने पालथी घालूनही काही ठरत नाही, म्हणून येथे विचारते आहे. अडचण नीट समजावी यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे इस्त्रीला निघणारे कपडे म्हणजे यजमानांचे सुती शर्ट, मुलीचा शाळेचा गणवेश, माझे कुर्ते आणि सासूबाईंच्या साड्या. पहिल्या तिन्हींचे कशानेही भागेल; खरा प्रश्न साड्यांचा आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्या रोज साबुदाण्याची खळ दिलेली सुती साडी नेसतात आणि स्वतःच्या साडीला स्वतःच इस्त्री करतात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला चांगले काम करतो, त्याच्याकडे देऊ, असे मी अनेकदा सुचवून पाहिले. त्या ऐकत नाहीत आणि मलाही आता त्यांचेच बरोबर वाटते. पूजा आटोपली की पलंगावर जुने ब्लँकेट आणि त्यावर धुवट चादर अंथरायची, साडीवर हाताने पाणी शिंपडून ती गुंडाळून अर्धा तास ठेवायची, मग आधी काठ, नंतर पदर आणि शेवटी अंग, असा त्यांचा क्रम कधी चुकत नाही. इस्त्री तापली का हे पाहायला त्या पाण्याचे दोन थेंब तळावर उडवतात आणि थेंब कसा चुरचुरतो यावरून बटण पुढे-मागे करतात. त्यांच्या लहानपणी घरात इस्त्री नव्हती, तांब्याच्या लोट्यात निखारे भरून तो वडिलांच्या सदऱ्यावर फिरवत, असे त्या सांगतात. हे काम त्यांच्या हातून सुटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गेल्या वर्षी त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड जुळून आले, तरी आमची जुनी, जवळजवळ दोन किलोंची इस्त्री आता त्यांना उचलवत नाही. त्यातच गेल्या महिन्यात तिचा थर्मोस्टॅट बिघडला. ती तापतच राहिली आणि त्यांच्या इरकलीच्या लाल पदरावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी ठसा उमटला. त्या काही बोलल्या नाहीत. साडीची घडी घालून त्यांनी ती कपाटात अगदी तळाशी ठेवली.

वाफेची इस्त्री आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतली होती. आम्ही वाघोलीला राहतो आणि आमच्या इमारतीत बोअरवेलचे व टँकरचे पाणी येते. बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारे ते पाणी आम्ही विचार न करता इस्त्रीत भरत राहिलो. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. सहा-सात महिन्यांत तळाची भोके बुजली आणि एके सकाळी पांढऱ्या शर्टावर तपकिरी थेंब उडाले. चूक आमचीच होती. परंतु रोज वापरायच्या इस्त्रीसाठी डिस्टिल्ड पाणी आणत राहणे जमेल का, याचीही मला खात्री वाटत नाही.

स्टीमर नणंदेकडून चार दिवस आणून पाहिला. माझे कुर्ते आणि एक रेशमी साडी टांगून वाफ दिली, ते उत्तम झाले. खळ दिलेल्या साडीवर मात्र उलटाच परिणाम झाला, वाफेने खळ मऊ पडली आणि काठ वळले ते वळलेलेच राहिले. मला वाटते, सुती कापडाला ओल, उष्णता आणि दाब हे तिन्ही लागतात, आणि टांगलेल्या कापडावर दाब द्यायला खाली कठीण काही नसते. माझे हे समजणे बरोबर आहे का?

आणखी एक मर्यादा म्हणजे सासूबाईंच्या खोलीत फक्त ६ अँपिअरचा सॉकेट आहे. २३० व्होल्टला त्यावर जेमतेम १३८० वॉट चालतात, त्यामुळे २००० वॉटच्या वाफेच्या इस्त्र्या आपोआप बाद होतात. तेव्हा विचारायचे ते असे, की १००० वॉटच्या आसपासची, एक किलोहून कमी वजनाची साधी इस्त्री खळ दिलेल्या सुती साडीला पुरते का, की हलकी असल्यामुळे त्यांनाच मनगटाने जास्त जोर लावावा लागेल? तळ नॉन-स्टिक घ्यावा की स्टीलचा? आणि थर्मोस्टॅट बिघडत चालल्याची काही आगाऊ खूण असते का?

प्रतिसाद १

ताई, मी घरगुती विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

आपले समजणे बरोबर आहे. खळीच्या कपड्याला स्टीमर घेऊ नका. हलक्या इस्त्रीची काळजीही करू नका, कारण सासूबाई साडी शिंपून गुंडाळून ठेवतात. ओल सगळीकडे सारखी मुरलेली असली की वजनाचे निम्मे काम तीच करते. १००० वॉट पुरेसे आहेत. फक्त इस्त्री भरभर न फिरवता सावकाश न्यावी.

थर्मोस्टॅटमध्ये कमी-जास्त प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तोडते. वर्षानुवर्षे ठिणग्या पडून तिथले संपर्कबिंदू कधीकधी एकमेकांना चिकटतात आणि मग वीज तुटतच नाही. खूण सोपी आहे. इस्त्रीचा दिवा मधूनमधून विझला पाहिजे. बटण कमीवर असूनही तो सतत जळत राहिला, तर तत्काळ प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत ती वापरू नका. घेताना आयएसआय चिन्ह पाहाच. भारतीय मानकाचा क्रमांक त्या चिन्हाच्या वर छापलेला असतो.

तळ नॉन-स्टिक घ्या. खळ तळावर चिकटून जळते आणि तोच डाग पुढच्या कपड्याला लागतो. इस्त्री गार झाली की ओल्या फडक्याने पुसावी. ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने कधीही खरवडू नये.

प्रतिसाद २

रेशमी साड्यांना स्टीमर चांगला, असा समज होऊ नये म्हणून लिहिते. स्टीमरमधून मधूनच पाण्याचा थेंब उडतो आणि रेशमावर त्याचा डाग राहू शकतो. माझ्या आईच्या पैठणीला मी कोरडी इस्त्रीच करते, उलट्या बाजूने, मध्यम उष्णतेवर आणि वर मलमलचा तुकडा पसरून. हल्ली अनेक साड्यांच्या जरीची तार प्लॅस्टिकची असते, ती जास्त उष्णतेने आक्रसते. म्हणून आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर एकदा करून पाहावे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दिव्याची खूण वाचून आठवले, की आमच्या जुन्या इस्त्रीचा दिवा कित्येक दिवस विझत नव्हता आणि आम्हाला वाटत होते, दिवाच बिघडला असेल. हे आधी कळले असते, तर इरकल वाचली असती.

काल सासूबाईंना घेऊनच दुकानात गेले. त्यांनी एकेक इस्त्री हातात घेतली, काउंटरवर माझीच ओढणी पसरली आणि गार इस्त्री काठावरून नेऊन पाहिली. दुकानदाराने खुर्ची दिली, ती त्यांनी नको म्हटली. ज्या इस्त्रीची मूठ त्यांच्या बोटांत पूर्ण मावली, ती ९०० ग्रॅमच्या आसपासची, १००० वॉटची आणि नॉन-स्टिक तळाची आहे. तीच नक्की केली. वाफेची इस्त्री आणि स्टीमर, दोन्हींचा विचार सोडला.

आता एकच गोष्ट राहिली. पलंगावर वाकून इस्त्री केल्यावर त्यांची पाठ आणि मनगट दोन्ही दुखतात, पण बाजारातली इस्त्रीची टेबले उभ्याने काम करायच्या हिशेबाने अरुंद आणि उंच आहेत. खुर्चीवर बसून साडीची दुपदरी घडी पसरता येईल असे रुंद, ठेंगणे आणि न डगमगणारे टेबल कोणी सुताराकडून करून घेतले असेल, तर त्याची लांबी, रुंदी आणि उंची कृपया कळवावी.