मदत हवी आहे: ‘ड्राय’ म्हशीला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. गावच्या दूध संस्थेसाठी म्हशींच्या संगोपनावरची सोळा पानांची इंग्रजी पुस्तिका मराठीत करते आहे. दहा दिवसांच्या बिलाबरोबर ती सभासदांना वाटायची आहे. रोगांची आणि औषधांची नावं जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घेतली, ती सुटली. अडलंय ते ‘ड्राय’ या साध्या शब्दावर. सोळा पानांत तो इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी आलाय की ‘कोरडा’ हा एकच शब्द घेऊन पुढं जाता येत नाही.

पहिला खर्डा घरी वाचून दाखवला. ‘कोरड्या म्हशीला व्यायच्या आधी दोन महिने’ एवढ्यावरच आजीनं थांबवलं. “कोरडी म्हस म्हंजे? पावसात न भिजलेली व्हय?” तिनं मनापासून विचारलं. ती चाळीसेक वर्षं धारा काढतेय. तिला कळलं नाही तर गोठ्यात कुणालाच कळणार नाही.

इथं ‘ड्राय’ म्हणजे दूध बंद केलेली, पण गाभण असलेली म्हैस. सरकारी पुस्तकांत याला ‘भाकडकाळ’ म्हणतात आणि शब्द म्हणून तो चुकीचा नाही. पण आमच्याकडं ‘भाकड’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात बिनकामाचं जनावर येतं. चांगली पेंड दुभतीला, उरलंसुरलं पिंजार भाकडीला, ही घरोघरची रीत. पुस्तिका नेमकं उलट सांगते. म्हैस साधारण दहा महिने गाभण असते आणि पोटातलं रेडकू शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वाढतं. त्याच काळात कास विसावते, पुढच्या वेतासाठी तयार होते, चीक तयार होतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत तिला नीट खायला हवं, त्याच दोन महिन्यांना आपण उपेक्षेचा शब्द लावलाय. म्हणून ‘भाकड’ लिहायला माझा हात धजत नाही. ‘आटलेली’ बरा वाटतो, पण आजारानं दूध गेलेली म्हैसही आटलेलीच. ‘आटवलेली’ म्हटलं तर मालकानं ठरवून दूध बंद केलं, हे कळतं. सध्या ‘आटवलेली गाभण म्हैस’ असं लिहिलंय, पण दर ओळीत तीन शब्द जड होतात.

दुसरी जागा याहून धोक्याची आहे. ‘ड्राय मॅटर’. मी आधी सरळ ‘सुका चारा’ लिहून मोकळी झाले होते. हिशोब मांडल्यावर घाम फुटला. पाचशे किलोच्या म्हशीला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेबारा किलो ‘ड्राय मॅटर’ रोज लागतं असं तिथं आहे. ते वैरणीतलं पाणी वजा करून उरणारं वजन. दहा किलो हिरव्या वैरणीत ते जेमतेम दोन किलो भरतं, दहा किलो कडब्यात नऊच्या आसपास. माझं भाषांतर वाचून कुणी साडेबारा किलो नुसता कडबा समोर टाकला असता, तर म्हशीचे हाल झाले असते. पुस्तकी शब्द ‘शुष्क पदार्थ’ आहे, पण तो वाचून सभासद पान उलटतील. ‘पाणी सोडून उरलेली वैरण’ चालेल का?

बाकीच्या ठिकाणी फारसं अडलं नाही. कोरड्या हातानं धार काढणं, कोरड्या फडक्यानं सड पुसणं, यात आपला ‘कोरडा’ चपखल बसतो. धारेचं मशीन दूध न काढता चालवून जनावरांना आवाजाची सवय लावायची, त्याला ‘ड्राय रन’ म्हटलंय, तिथं मी ‘नुसती चाचणी’ केलं. ‘कट अँड ड्राइड’ नियम नाही, याचं ‘ठरीव नियम नाही’ केलं. एक वाक्य मात्र राहिलंय: वैरण साठवली नाही तर शेतकरी उन्हाळ्यात ‘हाय अँड ड्राय’ राहतो. मूळ चित्र ओहोटीला वाळूत अडकलेल्या जहाजाचं. आमच्याकडं पंचगंगेचा पूर आहे, पण ओहोटी कुठली! ‘तोंडघशी पडतो’ लिहिलं, पण त्यात फजिती जास्त आणि निराधारपणा कमी वाटतो.

हे करताना जाणवलं की इंग्रजीचा एकच शब्द आपल्याकडं किती शब्दांत वाटला गेलाय. वैरण वाळते, घसा कोरडा पडतो, मटण सुकं असतं, विहीर आटते, जमीन कोरडवाहू असते. आणि भाकरीबरोबरची आमटी कितीही पातळ असली तरी आमच्याकडं ती कोरड्यासच! हा शब्द मला फार आवडतो.

तर तीन गोष्टी हव्यात. आटवलेल्या गाभण म्हशीला तुमच्याकडं, विशेषतः कागल, राधानगरी, पन्हाळा भागात, ‘भाकड’ सोडून एखादा बोलीतला शब्द आहे का? ‘ड्राय मॅटर’ला गोठ्यात बोलता येईल असं काय म्हणावं? आणि त्या अडकलेल्या जहाजासाठी आपल्या मातीतला वाक्प्रचार कोणता? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सांगितलंत तर फार उपकार होतील. पुस्तिका सोमवारी छापायला जाते आहे. रविवारी संध्याकाळी धार झाली की आजीला पुन्हा सगळी वाचून दाखवणार आहे.