लव्हबर्ड कागद कुरतडून पिसांत खोचते आणि हात घातला की चावते

प्रश्न:
पीच-फेस जातीची लव्हबर्ड आहे, वय दीड वर्ष, एकटीच असते. आधी खांद्यावर बसायची. आता पिंजऱ्यातल्या कागदाच्या लांब पट्ट्या कुरतडून शेपटीवरच्या पिसांत खोचते आणि वाटी बदलायला हात घातला की रक्त येईपर्यंत चावते. जोडीदार आणला तर शांत होईल का?

उत्तर १:
हा राग नाही, घरट्याची राखण आहे. पट्ट्या पिसांत खोचून नेणं ही पीच-फेसची खासियत. फिशर जातीची मादी घरट्याचं सामान चोचीतून नेते. पक्ष्यांच्या वागणुकीचे अभ्यासक विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला, तेव्हा संकरित माद्या पट्टी खोचायच्या, पण ती पाडायच्या. चोचीतून नेणं जमायला त्यांना फार वेळ लागला. सवय इतकी खोल असते, त्यामुळे ओरडून काही होणार नाही.

कारणं काढून टाका. कागद, खोका, कापडी झोपडी, अंधारा कोपरा सगळं बाहेर. रोज सलग १२ तास अंधार आणि शांतता द्या, कारण लांबलेला उजेड अंडी घालायला उद्युक्त करतो. पाठीवरून हात फिरवू नका. डोकं आणि मान एवढंच. वाट्या ती बाहेर असताना बदला. चावल्यावर झटक्यात हात मागे घेतलात तर चावा कामी येतो हे ती लगेच शिकते. हाताऐवजी छोटी दांडी पुढे करून तिच्यावर चढायला शिकवा.

उत्तर २:
नर नसला तरी ती अंडी घालू शकते. घातली तर लगेच उचलू नका, नाहीतर ती भर घालत राहील. उबवणीचे साधारण २३ दिवस होऊ द्या. बहुधा ती स्वतःच सोडून देते. समुद्रफेस (कॅल्शियम देणारं कटलफिशचं हाड) कायम टांगलेला असू द्या. पिसं फुगवून तळाशी बसली, शेपटी वरखाली हलवत जोर लावू लागली, तर अंडं अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या, सकाळपर्यंत थांबू नका.

उत्तर ३:
जोडीदार हा चावण्यावरचा उपाय नाही. लव्हबर्ड थव्यात राहणारा पक्षी आहे, सोबत त्याला हवीच. पण या मनःस्थितीतली मादी नव्या पक्ष्याचे पाय फोडते. आधी तिचा हा काळ सरू द्या. पीच-फेसमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून नव्याची डीएनए चाचणी करूनच घ्या. दोन माद्या बऱ्याचदा जीवघेण्या भांडतात. नवा पक्षी ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. मग पिंजरे शेजारी, पण मध्ये वीतभर अंतर हवंच, गजांतून बोटं तोडली जातात. पहिली भेट दोघांनाही नवख्या जागी, दोन वाट्या ठेवून. अशा भेटींत शेजारी बसून एकमेकांची पिसं साफ करू लागले की मगच एकत्र ठेवा.