लाईन गेल्यावर काट्याचा डेटाबेस उठत नाही, लॉक फाईल उडवू काय?

काटाघर_हिंगणघाट:
जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. रात्री लाईन गेली, यूपीएसची बॅटरी बसली, सर्व्हर धाडकन बंद. सकाळपासून पोस्टग्रेस १४ (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) चालू होत नाही. लॉग म्हणते, 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' लॉक फाईल आधीच आहे, १०४३ नंबरचा दुसरा पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) चालू आहे काय? मुक्कामी गाड्यांचं भरलेलं वजन याच डेटाबेसात आहे, रिकामं व्हायचं आहे. शेतकरी पावतीसाठी उभे आहेत. फाईल डिलीट करू?

वऱ्हाडी_लिनक्स:
कर ना भाऊ. आम्ही तेच करतो, चालू होते.

यवतमाळकर:
थांब भाऊ, फाईलला हात लावू नको! जुना पोस्टमास्टर खरंच जिवंत असला आणि तू फाईल काढून दुसरा चालू केला, तर दोघं एकाच डेटावर लिहितील. मग त्या वजनांचा भरवसा उरत नाही, आणि नुकसान शेतकऱ्याचं.

फाईलच्या पहिल्या ओळीत नुसता प्रोसेस नंबर असतो. तो मेलेला असेल तर पोस्टग्रेस स्वतःच जुनी फाईल बाजूला करते. तुझ्याकडे करत नाही, म्हणजे १०४३ वर 'पोस्टग्रेस' युजरचंच काहीतरी चालू आहे. मशीन नव्याने चालू झाली की नंबर पुन्हा लहानापासून वाटले जातात, जुना नंबर सहज दुसऱ्याला मिळतो. 'पीएस -एफपी १०४३' मारून बघ, कोण आहे ते.

काटाघर_हिंगणघाट:
पोस्टग्रेसच आहे दादा, पण डेटाचा रस्ता १२ चा दाखवते. मागे १२ वरून १४ वर आलो होतो, जुनं तसंच राहिलं.

यवतमाळकर:
मग सापडलं. १४ च्या फाईलमधला जुना १०४३ नंबर या वेळी १२ ला मिळाला. उबुंटू असेल तर 'पीजी_सीटीएलक्लस्टर १२ मेन स्टॉप', मग १४ स्टार्ट. डिलीट काहीच नको. 'क्रॅश रिकव्हरी' चालेल, म्हणजे धाडकन बंद पडलेला डेटा पोस्टग्रेस स्वतःच सावरते, ती होऊ दे, मध्येच बंद करू नको.

काटाघर_हिंगणघाट:
उठला! रात्रीची वजनं सगळी आहेत. पहिली गाडी रिकामी होऊन काट्यावर आली.

यवतमाळकर:
लय चांगलं झालं. आता १२ च्या 'स्टार्ट डॉट कॉन्फ'मध्ये 'ऑटो'चं 'मॅन्युअल' कर, म्हणजे ते आपोआप चालू होणार नाही, नाहीतर पुढच्या वेळी लाईन गेली की हेच होऊ शकते. आणि मालकाला बॅटरी आजच आणायला सांग, हंगाम अजून बाकी आहे.